दोन पाणपोया आणि एक व्याख्यानमाला

विद्यापीठाचं पत्र सिकंदरच्या पंक्चरच्या दुकानात आलं, कारण दादासो आणि सारजा या दोघांच्या नावानं मिळून आलेला कागद नेमका कुणाच्या हातात द्यायचा, हे पोस्टमनला बावीस वर्षांत कळलेलं नव्हतं. नवऱ्याला द्यावा तर बायको भर फाट्यावर पोस्टमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बायकोला द्यावा तर नवरा इंदापूरच्या पोस्टात जाऊन तक्रार गुदरायचा. त्यापेक्षा सिकंदर बरा. त्याचं दुकान वरकुट्याच्या फाट्यावर होतं, आणि दादासो कोळेकर व सारजा कोळेकर या नवरा-बायकोत जे काही बोलणं व्हायचं ते सगळं त्याच्यामार्फतच व्हायचं.

सिकंदरनं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात तशीच सोडली, हात पुसले आणि पत्र वाचलं. मग परत वाचलं. मजकूर असा होता की, वरकुट्यात वाढलेली आणि आता अमेरिकेत डॉक्टर असलेली रोहिणी हिनं विद्यापीठाला भली मोठी देणगी दिली असून, त्यातून दरवर्षी ‘सारजाबाई व दादासो कोळेकर लोकसेवा व्याख्यानमाला’ चालेल. या दांपत्यानं आयुष्यभर खांद्याला खांदा लावून गावाची सेवा केली. सबब येत्या फेब्रुवारीत बारामतीच्या सभागृहात उद्घाटन होईल, आणि त्या प्रसंगी उभयतांनी एकत्रित मनोगत व्यक्त करावं.

‘एकत्रित’ या शब्दाशी आल्यावर सिकंदर स्टुलावर बसला. उभं राहून पेलण्यासारखा तो शब्द नव्हता.

रोहिणीचा बिचारीचा दोष नाही. ती आठ वर्षांची असताना बापाच्या बदलीबरोबर गाव सोडून गेली. तिला आठवत होतं ते एवढंच, की फाट्यावर रस्त्याच्या या अंगाला दादासो तांब्यानं पाणी पाजायचे, त्या अंगाला सारजामावशी पाजायच्या, आणि पोरं दोन्हीकडं पिऊन फुगायची. दोन पाणपोया म्हणजे सेवाही दुप्पट, असा पोरीचा साधा हिशेब. एकमेकांसमोर दोन पाणपोया का, हा प्रश्न आठ वर्षांच्या पोरीला पडत नाही, आणि अमेरिकेत गेल्यावर तर मुळीच पडत नसावा.

तर ते सांगितलं पाहिजे. त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात दादासोंनी फाट्यावर छप्पर घालून दोन रांजण मांडले. पाणी दीड मैलावरच्या विहिरीतून यायचं, आणि ते सारजा डोक्यावरून आणायची. दिवसाला अकरा खेपा. महिन्याभरानं दादासोंनी इंदापुरातून एक निळी फळी रंगवून आणली. सारजाला अक्षर येत नव्हतं. तिनं डोक्यावरची घागर खाली न ठेवता सिकंदरला विचारलं, काय लिवलंय? सिकंदर तेव्हा तिशीतला, सातवी पास, वाचायची फार हौस. त्यानं खणखणीत वाचून दाखवलं, ‘श्री. दादासो बाबू कोळेकर यांचेकडून वाटसरूंसाठी मोफत पाणपोई.’

“माझं नाव कुठाय?” सारजानं नवऱ्याला विचारलं.

“बाईचं नाव फळीवर कुणी लिवतं व्हय?” दादासो हसले. “लोक काय म्हनत्याल?”

“मग लोकास्नी तुमचं नावच पाजा,” सारजा म्हणाली, आणि ती भरली घागर रस्ता ओलांडून पलीकडं नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी पलीकडं दोन रांजण आले. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणून तोही बोलला नाही. राहायची दोघं एकाच घरात. घरात म्हैस होती. “खावा म्हणावं, भाकरी गार व्हतीया,” असं सारजा म्हशीला सांगायची, आणि दादासो म्हशीला “वाढ म्हणावं” म्हणून पाटावर बसायचे. घरात म्हैस आणि फाट्यावर सिकंदर, अशी ती व्यवस्था होती.

आता नवरा-बायकोचं भांडण म्हणजे घराची राखरांगोळी, असं शहाणी माणसं सांगतात. वरकुट्यात उलटंच झालं. दादासोंनी पाणपोईपुढं दगडी बाक बांधला, तर सारजानं पाठीचा बाक बांधला. यानं एसटीसाठी निवारा घातला, तिनं समोर दुसरा घातला, आणि कुणाचा रोष नको म्हणून ड्रायव्हर गाडी बरोब्बर दोहोंच्या मधे, उन्हात उभी करू लागले. दादासोंनी वाचनालय काढलं. “त्यास्नी इचार, पुस्तकं किती हायती,” सारजा सिकंदरला म्हणाली. एकशे बारा, असं उत्तर आलं. पंधरवड्यात एकशे पंधरा पुस्तकांचं दुसरं वाचनालय उघडलं, आणि ते उघडणाऱ्या बाईला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. काटेवाडीला दिलेल्या छकुलीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात दोघांनी दोन मांडव घातले. नवरदेव कुठल्या मांडवात शिरावं या विचारात घोड्यावरच अर्धा तास थांबला होता.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. इथं तिसरा म्हणजे नऊशे वस्तीचं अख्खं गाव. आणि गाव काही खुळं नव्हतं. सरपंच मानसिंग तर नव्हताच. गावाला काही लागलं की तो आधी एकीकडं जाऊन उसासा टाकायचा, मग दुसरीकडं जाऊन. सरकारकडं अर्ज करण्यापेक्षा हे काम लवकर व्हायचं.

हे सगळं गमतीचं आहे, आणि सिकंदरही बावीस वर्षं हसत आला होता. फक्त एक गोष्ट त्याच्या घशात काट्यासारखी अडकलेली होती. ती त्याची बायको करिमा आणि मानसिंग सोडले तर कुणाला ठाऊक नव्हती.

एकोणऐंशी साली शाळा बांधायची निघाली. भिंती दादासोंनी उभ्या करून दिल्या. मग चढाओढीनं सारजा म्हणाली, छप्पर माझं. तिच्या बापानं तिला बारा मेंढ्या दिल्या होत्या. कोळेकरांचा कळप जाऊन शेती आली तरी त्या मेंढ्यांचा वंश तिनं सांभाळला होता. तो विकून पत्रे आणायचं ठरलं. त्याच दिवसांत दादासो विषमज्वरातून उठले. अंगात हाडं तेवढी उरलेली. एका दुपारी ते दुकानासमोर आले आणि म्हणाले, “सिकंदर, तिला सांग, माझं चुकलं. पानी तिनं वाहिलं आन नाव म्या लावलं. नवी फळी करू. आधी तिचं नाव, मग माझं.”

सिकंदरच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठलाच होता, पण मानसिंग तिथं मोटरसायकलचं पंक्चर काढायला बसलेला. दादासोंची पाठ वळल्यावर त्यानं सिकंदरचा हात धरला. “आठ दिस थांब. भिंती उभ्या हायत्या, पत्रं आलं न्हाईत. समेट झाला तर ती मेंढ्या कशापायी इकंल? पोरं उन्हात बसत्यात रं.”

पोरं खरंच उन्हात बसत होती. सिकंदर आठ दिवस थांबला. पत्रे यायला महिना लागला. महिन्यानंतर निरोप सांगायचा तर महिनाभर कुठं होतास, हे आधी सांगावं लागलं असतं. लाज वाटली. निरोपाचं ताकासारखं आहे, जितका ठेवाल तितका आंबतो. सोळा वर्षं गेली. दादासोंनी त्या निरोपाचं उत्तर कधी विचारलं नाही, आणि त्यांच्या त्या न विचारण्यानंच सिकंदरला जास्त टोचायचं.

पत्र घेऊन तो आधी सारजाकडं गेला. ती आता बासष्टीची झाली होती, रांजण फडक्यानं पुशीत होती.

“उभयता म्हंजे?” तिनं विचारलं.

“दोघं, वयनी.”

“मग दोघं म्हनायला काय झालं व्हतं त्यास्नी? आन नाव कुणाचं आधी हाय?”

“तुमचं.”

सारजानं हात पदराला पुसला. “कुठं? बोट ठिव.” सिकंदरनं बोट ठेवलं. ते काढून तिथं तिनं आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाली, “त्यास्नी सांग, मी येतीया. पर येगळ्या गाडीनं.”

रस्त्यापलीकडं दादासोंनीही पत्र निरखून बघितलं. नावांचा क्रम बघितला. “बराबर हाय,” एवढंच म्हणाले, आणि सिकंदरला वाटलं, त्यांनी आपल्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

मानसिंगला कळलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गावाच्या दवाखान्यासाठी दादासोंनी जागा दिली होती, आणि सारजाकडं त्याचे उसासे नुकतेच सुरू झाले होते. “तितं स्टेजवर गोड-गोड काय झालं तर दवाखाना मेला म्हनून समज,” तो सिकंदरला म्हणाला. “तू मधी बस. सगळं तुझ्या तोंडातनंच जाऊ दे. गाड्या दोन करतो.”

रात्रीचं जेवण वाढताना करिमा म्हणाली, “दोघंबी थकल्यात. एक गेलं म्हंजे तो निरोप कुणाला सांगशीला? कबरीला?”

“सांगितलं तर तोंड बघायची न्हाईत माझं,” सिकंदर म्हणाला.

“न्हाय बघितलं तर न्हाय. त्यास्नी एकमेकांचं तर बघू दे.”

फेब्रुवारीत दोन जीपगाड्या एकाच गावातून, एकाच वेळी, एकाच रस्त्यानं बारामतीला निघाल्या. सारजाची पुढं होती. दादासोंनी ड्रायव्हरला पुढं काढायला सांगितली नाही. हे सिकंदरनं बघितलं आणि मनात नोंदवलं.

सभागृह भरलेलं होतं. हजेरी लागणार म्हणून आणलेले विद्यार्थी मागं बसले होते. विद्यापीठाकडून विजयमालाबाई नावाच्या समाजकार्याच्या प्राध्यापिका आल्या होत्या; जाड चष्मा, खादीची साडी, आणि जे दिसेल ते वहीत लिहून घ्यायची सवय. स्टेजवर दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. सारजानं आपली खुर्ची उचलून दोन हात बाजूला नेली. मधल्या जागेत सिकंदरसाठी लोखंडी घडीची खुर्ची आली.

“आणि हे कोण?” विजयमालाबाईंनी विचारलं.

“मी मधला,” सिकंदर म्हणाला. बाईंनी ‘मध्यस्थ कार्यकर्ता’ असं लिहून घेतलं.

हार झाले, नारळ झाले. मग बाईंनी माइकवरून विचारलं, “इतकी वर्षं बरोबरीनं काम करण्याची प्रेरणा आपल्याला कुठून मिळाली?”

सारजा सिकंदरकडं वळली. “त्यास्नी इचार, आधी त्यांनी बोलायचं का मी.”

“तात्या, वयनी इचारत्यात, आधी तुमी बोलायचं का त्यांनी.”

“तिला सांग, आधी तिचं नाव हाय, तिनं बोलावं.”

“हो, मग बोला ना आजी,” बाई म्हणाल्या.

“थांबा मॅडम,” सिकंदर कळवळून म्हणाला. “तुमाला आलं ऐकू. वयनीला अजून यायचंय.” आणि त्यानं तो निरोप रीतसर पोचवला.

बाई चकित झाल्या. तिघंही मराठीच बोलत होती, माणसं एकमेकांपासून चार हातांवर होती, आणि तरी मधे दुभाषा. त्या आणखी भराभर लिहू लागल्या. सारजा म्हणाली, “त्यास्नी म्हन, त्यांनी मॅडमला सरळ सांगावं, आमचं भांडान हाय.” दादासोंकडून सिकंदरमार्फत उत्तर आलं, “व्हय, भांडान हाय.” बाईंनी ‘वैचारिक मतभेदांचा परस्पर आदर’ असं लिहिलं आणि अधोरेखित केलं. पहिल्या रांगेत मानसिंगनं समाधानानं मान डोलावली.

सिकंदरनं दोघांकडं पाहिलं. दादासो दोन्ही हात काठीवर टेकून बसले होते. बाहेर पडताना हातून काठी सुटली तर उचलून द्यायलासुद्धा सारजाला आपल्याला विचारावं लागेल, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. तो उठून माइकपाशी गेला.

“माझं एक काम राह्यलंय,” तो म्हणाला. “एक निरोप हाय. सोळा वर्सं झाली, पोचवला न्हाय.” मग तो सारजाकडं वळला. “वयनी, तात्यांनी सांगितलंय, माझं चुकलं. पानी तिनं वाहिलं आन नाव म्या लावलं. नवी फळी करू. आधी तिचं नाव, मग माझं.”

दादासो खुर्चीतून अर्धे उठले.

“तू सांगितलंच न्हवतं?” ते म्हणाले. “मला वाटलं, ती न्हाय म्हनली. सोळा वर्सं मी तसंच धरून बसलोय, सिकंदर.”

सिकंदरला मान वर करता येईना. शाळा, पत्रे, उन्हातली पोरं, हे सगळं सांगायचं होतं, पण एवढ्या माणसांपुढं ते सांगणं म्हणजे चोरीची कारणं सांगणं झालं असतं. मानसिंग खुर्चीखाली काहीतरी शोधत होता.

“मला ऐकू आलं व्हतं,” सारजा म्हणाली.

सिकंदरनं मान वर केली.

“बारा हाताचा तर रस्ता. आन त्यांचा आवाज वड्याच्या पल्याड जातोय. सगळं ऐकलं म्या तवा.”

“मग वयनी, तुमी उत्तर का न्हाय दिलं?”

“निरोप तुझ्यापाशी दिल्ता,” सारजा म्हणाली. “तू आणल्याबिगर म्या कसा घ्यायचा? आडून ऐकणारी बाई हाय व्हय मी?” तिचा आवाज जरा खाली आला. “रोज वाट बघितली. तू रस्ता वलांडलास की वाटायचं, आज सांगतोय. तू यायचास आन म्हनायचास, तात्या म्हनत्यात, पान्याची बारडी द्या. सोळा वर्सं बारडीचं निरोप आणलंस. ह्यो न्हाय आणलास.”

सिकंदर रडू लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, गळ्यात विद्यापीठाचा झेंडूचा हार, आणि माइक चालू. ते रडणं सभागृहाच्या आठही कर्ण्यांतून बाहेर पडलं.

सारजानं त्याला थोडा वेळ रडू दिलं. मग विचारलं, “शाळंचं छप्पर झालं न्हवं?”

“झालं.”

“गळतंय का?”

“न्हाय.”

“मग बस खाली.”

तो बसला. विजयमालाबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, “आजी, मग आता यांना काय उत्तर द्याल?”

“सोळा वर्सांनी निरोप आलाय, लगीच उत्तर कुठनं आणू?” सारजा म्हणाली. “सिकंदर, त्यास्नी सांग, इचार करून सांगते.”

सिकंदरनं सांगितलं. दादासो म्हणाले, “तिला सांग, सावकाश.” टाळ्या पडल्या. कशासाठी ते कुणालाच नीट कळलं नव्हतं, पण बाईंनी सुरुवात केली म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

कार्यक्रम संपून बाहेर येतात तो एकच जीप उरलेली. दुसऱ्या जीपवाल्याला लग्नाचं वऱ्हाड मिळालं होतं आणि तो केव्हाच पसार झाला होता. ड्रायव्हरशेजारी मानसिंग चेहरा पाडून बसला. मागच्या बाकड्यावर एका खिडकीशी दादासो, दुसऱ्या खिडकीशी सारजा, आणि मधे, सवयीनं, सिकंदर.

काटेवाडीच्या अलीकडं माळेगावच्या कारखान्यावर ऊस टाकून परतणाऱ्या रिकाम्या बैलगाड्यांची रांग पुढं लागली, आणि जीप बैलांच्या चालीनं चालू लागली. सारजा बाहेर बघत होती.

“फळी निळी नगं,” ती एकाएकी म्हणाली. “निळा रंग उन्हानं लगीच उडतोय.”

सिकंदरनं सवयीनं उजवीकडं मान वळवली. “तात्या, वयनी म्हनत्यात...”

“मग हिरवी करू,” दादासो म्हणाले. सिकंदरकडं न बघता.

“हिरवी चालंल. पर लावायची माझ्या बाजूला.”

“तुझ्या बाजूला? आन का म्हनून? पहिली पाणपोई माझ्या अंगाला व्हती.”

“पहिली घागर कुणी आणली?”

“रांजण कुणाचं व्हतं?”

“रांजणात काय वारं भरलं व्हतं व्हय?”

पुढच्या सीटवर मानसिंग हळूच ताठ झाला. दवाखान्यात अजून धुगधुगी होती. मागं आवाज चढत गेले. दादासो काठी आपटून बोलत होते, सारजा बोटं नाचवून बोलत होती, शब्द सिकंदरच्या छातीवरून इकडून तिकडं जात होते, आणि त्यातला एकही त्याच्या स्वाधीन होत नव्हता. दोनदा त्याचं तोंड उघडलं आणि दोनदा त्यानं ते मिटलं. त्याला फार बरं वाटत होतं, आणि इतकं रितं वाटत होतं की हात कुठं ठेवावेत ते कळेना.

तेवढ्यात सारजानं त्याच्या खांद्याला हात लावला.

“सिकंदर, जरा उठ. हितं खिडकीला बस,” ती म्हणाली. “मला ह्यांचं तोंड दिसंना.”

सिकंदर उठला, वाकून तिला मधे जागा दिली आणि खिडकीशी जाऊन बसला.